शहापूर–मुरबाडच्या पाटीवरील ‘ण’ आणि ‘ळ’ : अक्षरशिक्षणाच्या इतिहासातील एक प्रश्न

मराठी ही जशी बोलावी तशीच लिहिली जाते, अशी आपली एक जुनी आणि आवडती समजूत आहे. इंग्रजी वर्णरचनेतील विसंगती दाखवून देताना तर तिचा उल्लेख हटकून होतो. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला शब्दागणिक अक्षरे घोकावी लागतात. मराठी मुलाने मात्र मुळाक्षरे आणि बाराखडी एकदा हस्तगत केली की कानावर पडेल तो शब्द त्याला लिहिता यावा आणि डोळ्यांपुढे येईल तो वाचता यावा. या समजुतीत तथ्य पुष्कळ आहे. परंतु ती ज्या मुलाविषयी खरी ठरते ते मूल कोणते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तो ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांपुरता विचारावयाचा आहे.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. शहापुरातून नाशिककडे जाणारा लोहमार्ग कसारा घाट चढतो. मुरबाडला अद्याप लोहमार्ग नाही, कल्याणहून निघालेला रस्ता तेथून माळशेज घाटाकडे जातो. वस्ती कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली अशी मिश्र आहे. यांपैकी ठाकूर समाजाचे दोन पोटभेद ‘क ठाकूर’ आणि ‘म ठाकूर’ अशा नावांनी ओळखले जातात, आणि अनुसूचित जमातींच्या यादीतही ते तसेच नोंदलेले आहेत. शाळेच्या दाखल्यावर ज्याच्या जमातीपुढे वर्णमालेतील एक अक्षर लिहिलेले असते, असे विद्यार्थी महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच आढळतील. या समाजाचे सविस्तर वर्णन ल. ना. चापेकर यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात केलेले आहे. उत्तर कोकणातील बोलींची पद्धतशीर नोंद त्याच्याही पूर्वी, ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात, झालेली होती.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या बोलींचे एक ध्वनिवैशिष्ट्य महत्त्वाचे आहे. त्यांपैकी अनेकींत ‘ण’चा उच्चार ‘न’ असा आणि ‘ळ’चा पुष्कळदा ‘ल’ असा होतो. पाणी म्हणजे ‘पानी’, डोळा म्हणजे ‘डोला’. प्रमाण मराठीत ‘कोण’ आणि ‘कोन’, ‘वेळ’ आणि ‘वेल’, ‘काळ’ आणि ‘काल’ या जोड्यांतील अर्थभेद एकेका व्यंजनावर उभा आहे. अशी बोली बोलणाऱ्या मुलाच्या कानी ही जोडी एकच असते, आणि अर्थ त्याला संदर्भावरून कळतो. तो कळण्यात त्याची कधी अडचण होत नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. अडचण सुरू होते ती पाटी हातात आल्यावर.

येथे एक ऐतिहासिक योगायोग नमूद करण्याचा मोह आवरत नाही. वररुचीच्या प्राकृतव्याकरणात महाराष्ट्रीचे लक्षण सांगताना ‘न’चा सर्वत्र ‘ण’ होतो असे विधान आहे. म्हणजे एके काळी या प्रदेशाच्या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रतिष्ठित वाङ्मयीन भाषेत ‘न’ जवळजवळ नाहीसा होऊन ‘ण’ने त्याची जागा घेतली होती. त्या काळच्या लेखकाला संस्कृतातील ‘न’ कोठे येतो हे स्मरणानेच ठेवावे लागले असेल. आज डोंगरातील मुलाला ‘ण’ कोठे येतो हे स्मरणाने ठेवावे लागते. दोन्ही ठिकाणी ध्वनीचे परिवर्तन अगदी नियमित आहे. मात्र एकाला व्याकरणकारांनी सूत्र दिले आणि दुसऱ्यावर लाल शाईची खूण होते.

अक्षरे शिकविण्याच्या आपल्या पद्धतींचा इतिहास वाक्प्रचारांतूनही वाचता येतो. एखाद्या गोष्टीचा ‘ओनामा’ होणे, ‘श्रीगणेशा’ करणे, ‘धुळाक्षरे’ काढणे, कोणाचा ‘कित्ता’ गिरविणे, एखाद्या विद्येतील ‘गमभन’ही ठाऊक नसणे, हे सारे शब्द कोणे एके काळी शाळेतील प्रत्यक्ष क्रियांचे वाचक होते. पंतोजीच्या शाळेत लाकडी फळ्यावर धूळ किंवा विटेची भुकटी पसरीत, आणि तीत बोटाने अथवा काडीने अक्षर काढवीत. प्रारंभ सिद्धाला वंदन करणाऱ्या संस्कृत मंगलवचनाने होई, आणि त्याचेच झिजलेले रूप म्हणजे ओनामा. मुलाला त्या वचनाचा अर्थ कळत नसे व तो कळावा अशी अपेक्षाही नसे. अक्षर बोटाला कळावे, वर्णांचा क्रम जिभेवर बसावा, आणि पुढे मोडीत जमाखर्च लिहिता यावा, एवढे त्या शाळेचे उद्दिष्ट होते. ज्यांच्या घरी जमाखर्च होता त्यांचीच मुले तेथे जात. ठाकूर–कातकऱ्यांच्या मुलांच्या उच्चाराचा प्रश्न तेथे उपस्थित होण्याचे कारणच नव्हते.

मुंबईत १८२२ साली स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीपासून छापील मराठी पुस्तकांचा काळ सुरू होतो. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. मेजर कँडी यांनी भाषांतरित व क्रमिक पुस्तकांच्या मराठीला आणि विरामचिन्हांना दिलेले वळण त्यानंतरचे. सरकारी विद्याखाते १८५५ चे. या सर्व उद्योगात एका विशिष्ट प्रकारची मराठी ‘शुद्ध’ म्हणून स्थिरावली. ती पुणे–मुंबईच्या शिक्षित वर्गाची होती, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच वेळी वर्णमालेचा पारंपरिक क्रमही छापील पुस्तकात जसाच्या तसा आला, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दन्त्य, ओष्ठ्य हा क्रम उच्चारशास्त्राच्या दृष्टीने अप्रतिम आहे. जगातील थोड्याच लिपींना असे भाग्य लाभले असेल. तथापि तो भाषेच्या अभ्यासकासाठी रचलेला आहे, सहा वर्षांच्या मुलासाठी नव्हे. त्या क्रमाने जाणाऱ्या मुलाला ‘म’ भेटण्याआधी ‘ङ’ आणि ‘ञ’ भेटतात, आणि या दोहोंसाठी तक्त्यावर चित्र काढण्याजोगा एकही शब्द मराठीत नाही.

तक्त्याचा विषय निघाला आहे तर तेथे थोडे थांबू. अननस, उखळ, ऐरण, डमरू, षटकोन ही चित्रे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या भिंतींवर आहेत. यांपैकी उखळ शहापूरच्या मुलाने घरी पाहिलेले असते. अननस आणि षटकोन यांच्याशी त्याचा परिचय तक्त्यावरच होतो. ‘ध’साठी काही तक्त्यांवर धरण असते. ज्या तालुक्यात तानसा (१८९२) आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरविणारी धरणे आहेत, तेथील मुलाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. असो. खरा मुद्दा ‘ण’ आणि ‘ळ’ यांचा आहे. मराठीतील रूढ शब्दांच्या आरंभी ही दोन अक्षरे येत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी ‘बाण’, ‘बाळ’, ‘नळ’ असे शब्द घ्यावे लागतात. इतर अक्षरांच्या बाबतीत मूल चित्र पाहून शब्द उच्चारते आणि त्याचा पहिला ध्वनी ऐकते. येथे त्याला अखेरचा ध्वनी ऐकावयाचा असतो. मुरबाडच्या वाडीतील मूल चित्र अचूक ओळखते आणि ‘बान’ म्हणते, ‘नल’ म्हणते. त्याने ऐकलेला ध्वनी ‘न’ आणि ‘ल’ यांचा आहे, आणि त्या ध्वनींची अक्षरे त्याला आधीच दिलेली आहेत. मग हे नवे अक्षर कशाचे? तक्ता या प्रश्नाचे उत्तर देत नाही. शिक्षक मोठ्याने ‘बाण’ म्हणतात, मूल मोठ्याने ‘बान’ म्हणते, आणि दोघांनाही आपण एकच म्हटले असे वाटते.

प्रमाण मराठी बोलणाऱ्या मुलालाही अशा अडचणी नाहीत असे नाही. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील ‘च’ निराळे आहेत. ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थी एका प्रकारे आणि जगण्याची आज्ञा म्हणून दुसऱ्या प्रकारे उच्चारला जातो. लिपीत भेद नाही. ‘घर’ या शब्दातील ‘र’मध्ये लिहिलेला अकार बोलताना लोपतो. ‘ष’ आणि ‘श’ यांतील अंतर आता शिक्षकांच्या तोंडीही क्वचित ऐकू येते. ऱ्हस्व–दीर्घाचा घोळ तर पदवीधरांनाही सुटत नाही. याचा अर्थ असा की उच्चाराप्रमाणे लेखन हे तत्त्व सर्वांच्याच बाबतीत अपुरे आहे. फरक प्रमाणाचा आहे, आणि त्याहून अधिक, कोणत्या अपुरेपणाची दखल घेतली गेली याचा आहे.

या दृष्टीने १९६२ हे वर्ष पाहण्याजोगे आहे. मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम त्या वर्षी शासनाने स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. त्याच वर्षी, १ मे १९६२ रोजी, जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि शहापूर–मुरबाडच्या प्राथमिक शाळा ठाणे जिल्हा परिषदेकडे आल्या. नव्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. ‘नांव’, ‘घरें’, ‘केलें’ यांवरील टिंबे कोठे द्यावयाची हे व्युत्पत्ती पाठ करून ठरविण्याचा जाच संपला. ‘कवि’, ‘बुद्धि’, ‘गुरु’ हे तत्सम शब्द दीर्घान्त झाले, कारण मराठीत त्यांचा अन्त्य स्वर दीर्घच उच्चारला जातो. हे परिवर्तन स्वागतार्ह होते, आणि लक्षावधी मुलांचे श्रम त्याने वाचविले, यात शंका नाही. परंतु त्यामागील न्याय पाहावा : जे उच्चारात नाही ते लेखनातून काढावे, जे उच्चारात आहे ते लेखनात आणावे. हा उच्चार कोणाचा, याचे उत्तर नियम करणाऱ्यांना इतके उघड वाटले की ते लिहून ठेवण्याची गरज भासली नाही. पुढे २००९ च्या शासननिर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना मराठी वर्णमालेत स्थान मिळाले, कारण बॅट आणि बॉल यांचे स्वर शिक्षितांच्या मुखी रुळले होते. इंग्रजी शब्दांच्या उच्चारासाठी वर्णमालेने जागा केली. ‘पानी’साठी तिने जागा करावी असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही, लेखनाचे एक प्रमाण असण्यातच सर्वांची सोय आहे. मात्र त्या मुलाने ‘पानी’ लिहिले तर त्याला उच्चाराप्रमाणे लेखन हा नियम मोडल्याचा दोष तरी देऊ नये. तो नियम त्यानेच पाळलेला असतो.

पद्धतींच्या इतिहासाकडे पुन्हा वळू. ‘गमभन’ या शब्दावरून हे दिसते की वर्णमालेचा क्रम मोडून, वळणात साम्य असलेली अक्षरे एकत्र शिकविण्याची युक्ती आपल्या शिक्षकांना बऱ्याच आधीपासून अवगत होती. अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांतून पुढे अक्षरपद्धती, शब्दपद्धती, वाक्यपद्धती असा वाद आला. हा वाद बव्हंशी इंग्रजीच्या गरजेतून जन्मलेला आहे. रुडॉल्फ फ्लेश यांचे ध्वनिपद्धतीचा पुरस्कार करणारे पुस्तक १९५५ साली अमेरिकेत गाजले, ते तेथील शाळांत शब्द अखंड चित्राप्रमाणे पाहून लक्षात ठेवण्याची पद्धत रूढ झाली होती म्हणून. आपल्याकडे अक्षराचे नाव आणि अक्षराचा ध्वनी एकच असल्यामुळे तो वाद त्याच रूपात लागू पडत नाही. आपली खरी अडचण अक्षरांच्या संख्येची आहे. चौतीस व्यंजने आणि बाराखडीतील बारा रूपे एवढेच धरले तरी ४०८ आकृती होतात, जोडाक्षरे निराळीच. कन्नड शाळांतील मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात अक्षरज्ञान पूर्ण होण्यास प्राथमिक शाळेची पहिली काही वर्षे लागतात असे दिसून आले आहे, आणि मराठीची लिपी त्याच कुळातील आहे.

संख्येचा हा प्रश्न कातकरी मुलाच्या बाबतीत एका वेगळ्याच तऱ्हेने पुढे येतो. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामास जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. पुस्तकाच्या क्रमाने जाणाऱ्या वर्गात दिवाळीपर्यंत बिनकान्याची अक्षरे होतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार हे त्यानंतरचे. म्हणजे या मुलाच्या वाट्याला व्यंजने येतात आणि स्वर दुसऱ्या सत्रात राहून जातात. पुढच्या जूनमध्ये ते पुन्हा पहिल्या पानावर बसते, किंवा वरच्या वर्गात जाऊन फळ्यावरच्या ओळींतील केवळ अकारान्त शब्द वाचते. पहिलीत तीन वर्षे काढूनही मुलाला काही येत नाही, असे जे म्हटले जाते, त्याची तपासणी करताना त्याला नेमके काय येते हे पाहावे. पुष्कळदा अर्धी बाराखडी अगदी पक्की निघेल. भट्टीवरच शाळा नेण्याचा प्रयत्न १९९० च्या दशकात विधायक संसदेने ठाणे जिल्ह्यात ‘भोंगा शाळा’ या नावाने केला. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुरांची झोपडी. शाळेने मुलाच्या स्थलांतराचा क्रम स्वीकारला, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट.

मुलाच्या परिसराचा स्वीकार करण्याचा मोठा प्रयोग त्याआधीच याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला झालेला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. (हा भाग १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे, शहापूर व मुरबाड ठाण्यातच राहिले.) ताराबाईंची पूर्वपीठिका भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहवासात घडलेली, माँटेसोरी पद्धतीची. त्या पद्धतीतील खरखरीत कागदाची अक्षरे मूल बोटाने गिरवते आणि त्याच वेळी ध्वनी उच्चारते. बोटाने अक्षर जाणण्याचे तत्त्व पंतोजीच्या धूळपाटीतही होते, हे येथे सहज लक्षात येते. नव्हती ती फक्त ध्वनी आणि आकार यांची जाणीवपूर्वक घातलेली सांगड. कोसबाडला महाग साधनांऐवजी दगड, पाने, बिया यांचा वापर झाला, आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळा पाड्यावर आणि कुरणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी भरविलेली कुरणशाळा हे त्याचेच रूप.

पाठ्यपुस्तक मंडळाची स्थापना १९६७ मध्ये झाली आणि बालभारतीची पुस्तके सर्वत्र एकच झाली. एकाच पुस्तकाने दर्जा आला, स्वस्ताई आली. वाडी–पाड्यावरही तेच पुस्तक पोहोचले जे दादरला होते. गुण आणि मर्यादा एकाच वाक्यात सामावल्या आहेत. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी अक्षरांचे लहान गट करून, त्या गटांतूनच स्वरचिन्हांसह अर्थपूर्ण शब्द व वाक्ये तयार करण्याची जी पद्धत विकसित केली, तिने काना–वेलांटी पहिल्या महिन्यांतच आणली. वर म्हटलेल्या स्थलांतरित मुलाच्या दृष्टीने याचे मोल किती, ते सांगावयास नको. ‘प्रथम’ने याच्या उलट वाटेने जाऊन बाराखडीचा तक्ताच जलद वाचनाचे साधन म्हणून पुन्हा पुढे आणला. शहापूरला लागून असलेल्या वाडा तालुक्यात नीलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’ या संस्थेचे काम २००७ पासून चालू आहे. तेथील आणि कर्नाटकातील यादगीर येथील शाळांत प्रारंभिक साक्षरतेचा एक दीर्घकालीन अभ्यासही २०१० नंतरच्या दशकात झाला. मुले लिहितात म्हणजे बव्हंशी फळ्यावरचे उतरवून काढतात, आणि त्यांची घरची बोली वर्गात जवळजवळ ऐकूच येत नाही, अशी त्यातून दिसलेली स्थिती शहापूर–मुरबाडच्या शिक्षकांस अपरिचित वाटणार नाही.

अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबाव यांनी १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय मुलांच्या वाचनाविषयी लिहिताना एक भेद आग्रहाने मांडला : वाचनातील चूक निराळी आणि उच्चारातील वेगळेपणा निराळा. तोच भेद येथे लावून पाहावा. ‘पाणी’ हा छापील शब्द पाहून मूल ‘पानी’ म्हणाले आणि माठाकडे बोट दाखविले, तर त्याने वाचले आहे; त्या वेळी त्याला थांबवून ‘ण’ म्हणवून घेणे हे वाचनाचे नव्हे, उच्चाराचे शिक्षण झाले, आणि ते वाचनाच्या मध्ये घुसडले गेले. लेखनात मात्र निराळा उपाय हवा. प्रमाण मराठी बोलणारे मूल ‘षटकोन’ आणि ‘शहर’ यांतील भेद कानाने नव्हे तर डोळ्यांनी लक्षात ठेवते. त्याचप्रमाणे या मुलाला ‘ण’ आणि ‘ळ’ असलेले नित्याचे शब्द, पाणी, कोण, आणि, डोळा, शाळा, केळी, डोळ्यांच्या स्मरणाने द्यावे लागतील, आणि त्यांचे स्थान तक्त्यातील क्रमावर नव्हे तर त्यांच्या नित्योपयोगावर ठरवावे लागेल. ऐकून लिही, ही आज्ञा या दोन अक्षरांपुरती मागे घ्यावी लागेल. ज्या शिक्षकाची स्वतःची बोली आगरी किंवा कुणबी आहे त्याला हे चटकन पटते; त्याने स्वतःही ही अक्षरे अशीच कमावलेली असतात.

या विषयाची खरी साधने ग्रंथालयात नाहीत. ती श्रुतलेखनाच्या वह्यांत आहेत. एकाच वाडीतील दहा मुलांनी एकाच दिवशी घेतलेला तोच उतारा शेजारी शेजारी ठेवला तर कोणती चूक बोलीची, कोणती सुटलेल्या सत्राची आणि कोणती खरोखरीच विसरण्याची, हे बरेचसे वेगळे करता येईल. अशा वह्या दरवर्षी परीक्षेनंतर रद्दीत जातात. दोन्ही तालुक्यांतील ज्या शिक्षकांना शक्य असेल त्यांनी मुलांची नावे झाकून, गाव आणि घरची बोली तेवढी वर लिहून, वर्षातील एक वही तरी राखून ठेवावी. तिच्यातील लाल खुणाही पुसू नयेत, कारण अभ्यासाला त्यांचीही तितकीच गरज आहे.